मराठीचा कच्चा माल

आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर डीटीपीचे एक जुने दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, क्वचित एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाचे आत्मचरित्र, अशी कामे तिथे पंचवीसेक वर्षे चालली. माझ्या दोन पुस्तिकांची जुळणीही तिथलीच. गेल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा दुकानदार रिकामे बसले होते. "सर, अर्ज आता लोक मोबाइललाच सांगतात, तो लिहून देतो," ते म्हणाले. "माझ्याकडे येतात ते प्रिंट काढायला. पानाला पाच रुपये."

कोपऱ्यात एक खोके भरून सीडी पडल्या होत्या. आजवर जुळवलेल्या पुस्तकांच्या फायली. खोके भंगारात जाणार होते. मी त्यातली एक सीडी मागून घेतली. जवळच्या एका गावाचा इतिहास त्यात होता. लेखक वारले, छापील प्रती संपल्या. दुकानदारांच्या भाच्याने ती फाइल मोबाइलवरच्या एका एआय साधनाला दिली आणि सारांश मागितला. सारांश क्षणात आला, भाषाही गुळगुळीत होती. फक्त त्यातले गाव भलतेच होते. फाइलमधले एक अक्षरही यंत्राला वाचता आले नव्हते, तरी त्याने इतिहास सांगितला.

हे असे का झाले, याचा शोध घेताना मला जे समजले ते या लेखात मांडतो आहे. भाषेची ही नवी साधने झपाट्याने पसरत आहेत आणि त्यांच्याभोवती धंद्याच्या संधींची चर्चाही तितक्याच जोरात आहे. मराठी माणसासाठी त्यातली खरी संधी कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे. माझे उत्तर त्या खोक्यापाशी जाते.

प्रसाराचा वेग आधी पाहू. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. पाच दिवसांत त्याचे दहा लाख वापरकर्ते झाले. जानेवारी २०२३ मध्ये महिन्याचे वापरकर्ते दहा कोटींवर गेले, असा तेव्हाचा अंदाज होता. भारतात तर ही साधने दारात आणून दिली जात आहेत. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची वर्षभराची सशुल्क सेवा फुकट देऊ केली. ऑगस्टमध्ये ओपनएआयने खास भारतासाठी महिना ३९९ रुपयांची योजना आणली. एखादी वस्तू इतकी स्वस्त मिळते तेव्हा विकणाऱ्याला पैशांखेरीज आणखी काय हवे आहे, हे पाहावे. इथे त्याला आपली सवय हवी आहे. आणि आपली भाषाही हवी आहे.

हे यंत्र भाषा शिकते ते मजकुरावरून. व्याकरणाचे नियम त्याला कोणी पढवत नाही. अब्जावधी वाक्ये पुढ्यात टाकतात आणि पुढचा तुकडा कोणता येईल, याचा अंदाज बांधायला लावतात. अंदाज चुकला की आतली गणिते किंचित बदलतात. हे असंख्य वेळा झाले की भाषेचे वळण अंगात मुरते. म्हणजे या धंद्याचा कच्चा माल म्हणजे लिहिलेला मजकूर. तो आपल्याकडून किती गेला? २०२० साली आलेल्या जीपीटी-३ ला शिकवताना वापरलेल्या मजकुरात शब्दसंख्येने सुमारे ९३ टक्के भाग इंग्रजीचा होता. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते, म्हणजे जगातल्या दर शंभर माणसांमागे साधारण एक. पण वेबवरची पाने गोळा करणाऱ्या 'कॉमन क्रॉल' या खुल्या साठ्यात मराठी पानांचा वाटा एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही नाही.

या तुटवड्याचा परिणाम थेट किमतीत दिसतो. यंत्र शब्द वाचत नाही, ते मजकुराचे तुकडे वाचते. त्यांना टोकन म्हणतात. तुकडे कसे पाडायचे हे नमुन्याच्या मजकुरावरून ठरते. जे अक्षरसमूह नमुन्यात वारंवार येतात त्यांचा एक अखंड तुकडा होतो, क्वचित येणाऱ्यांचा चुरा होतो. त्यात संगणकाच्या साठवणीत इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आपल्याला एकच वाटणारे 'क्षि' हे अक्षर प्रत्यक्षात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणून बारा बाइट. व्यवसायासाठी यंत्र वापरणाऱ्यांकडून सेवेचे पैसे टोकनमागे घेतले जातात. त्यामुळे तेच म्हणणे मराठीत मांडणारा जास्त पैसे मोजत होता.

मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणले, तेव्हा याचे मोजमापच प्रसिद्ध केले. ओळख करून देणाऱ्या एका छोट्या मजकुराला जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ टोकन लागत आणि मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीत २४ आणि मराठीत ३३. साडेतीन पटींचा भुर्दंड दीडपटीच्या आत आला. कंपन्यांना आपली बाजारपेठ हवी आहे, हे यावरून कळते. पण तुकडे नीट पाडले म्हणून भाषा नीट येत नाही. 'मी आपली मदत करू शकतो' असे यंत्र लिहिते तेव्हा ती हिंदीची बोलणी असते. मराठी माणूस 'मी आपल्याला मदत करू शकतो' म्हणतो. ताटात मराठी कमी पडली की यंत्र शेजारच्या ताटातले घेते.

मग आपण मराठी लिहिली नाही का? भरपूर लिहिली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचे अंकच घेतले तरी तो गद्याचा डोंगर आहे. अडचण अशी की यातला बराचसा मजकूर यंत्राला दिसत नाही. त्याची कारणे दोन.

पहिले कारण जुने फॉन्ट. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणही आले. पण छपाईच्या बाजारात पुढची पंधरा-वीस वर्षे चलती होती ती सी-डॅकची 'आयएसएम', मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', 'आकृती' अशा प्रणालींच्या फॉन्टची. त्यांनी मराठी छपाई खिळ्यांतून सोडवली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. डोळ्यांना मराठी दिसे, संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असे. शिवाय प्रत्येक प्रणालीची मांडणी निराळी. त्या सीडीतली फाइल यंत्राला वाचता आली नाही ती यामुळे.

अशी फाइल युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत, पण काम सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचे याच्या उलट. 'मूर्ती'तला रफार जुन्या पद्धतीत 'ती'नंतर येई, युनिकोडमध्ये तो 'त'च्या आधी र आणि हलन्त असा बसतो. ही उलटापालट एका जागी चुकली की शब्द मोडतो.

दुसरे कारण छापील कागद. पानाचा फोटो म्हणजे मजकूर नव्हे. फोटोतली अक्षरे ओळखणारी साधने सुधारली आहेत, तरी पुसट छपाईत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची गल्लत होते. मराठीचे खास दुखणे म्हणजे 'ऱ्य'. हिंदीला तो लागत नाही. पण आपल्याकडे दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या कोकणाच्या किनाऱ्याला. 'आचार्यास' निमंत्रण दिले तर विद्वान येतो, 'आचाऱ्यास' दिले तर स्वयंपाकी. ही चूक पकडायला मराठी वाचणारा माणूसच लागतो.

इथे मला जावजी दादाजी आठवतात. लहानपणी ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. छपाईचे यंत्र परदेशी होते आणि ते ज्याच्याकडे पैसे असतील त्याला विकत मिळत होते. जावजींनी धंदा उभा केला तो यंत्र आणि आपली लिपी यांच्यामधल्या जागेत. सुबक खिळे आणि निर्दोष मजकूर हे त्यांचे भांडवल. 'काव्यमाला'सारख्या संस्कृत ग्रंथमालेसाठी त्यांनी पंडितांना संपादनाला बसवले, आणि निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत असा लौकिक झाला.

आजही मधली जागा तीच आहे. प्रचंड यंत्र उभारणे तालुक्यातल्या माणसाच्या आवाक्यातले नाही. सरकारी आणि विद्यापीठीय पातळीवर २०२२ साली सुरू झालेली 'भाषिणी', आयआयटी मद्रासमधला 'एआय४भारत' गट असे प्रयत्न चालू आहेत आणि त्यांची बरीच साधने खुली आहेत. आपल्या वाट्याला येणारे काम त्याच्या अलीकडचे. मला त्यात तीन व्यवसाय दिसतात.

पहिला, जुन्या मजकुराचे रूपांतर आणि मुद्रितशोधन. प्रकाशक, ग्रंथालये, वर्तमानपत्रे, सहकारी संस्था, नगरपालिका, सगळ्यांकडे जुन्या फायली आणि बांधीव खंड आहेत. दुसरा, विषयवार शब्दांचा. 'पोटखराबा' म्हणजे जमिनीतला लागवडीला न येणारा भाग. यंत्राने त्यात पोटाचा बिघाड वाचला तर शेतकऱ्याच्या कागदाचे काय होईल? फेरफार, पैसेवारी, कुळकायदा, हे शब्द जाणणारे लोक कचेरीसमोरच बसलेले आहेत. तिसरा, तपासणीचा. बँक, दवाखाना किंवा सरकारी खाते मराठी उत्तरे देणारे यंत्र बसवील, तेव्हा ते उत्तर बरोबर आहे का, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्याचे म्हणणे त्याला समजते का, हे कोणीतरी पैसे घेऊन तपासले पाहिजे.

यात एक धोका आहे. कच्चा माल पिकवणाऱ्याला भाव मिळत नाही आणि पक्का माल त्यालाच महाग विकला जातो, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या प्रांताला सांगायला नको. म्हणून मजकूर कोणाचा, हे आधी पाहावे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ही मुदत उलटलेल्या लेखकांचे त्यांच्या हयातीत छापलेले लेखन आता सर्वांचे आहे, ते निर्धास्तपणे खुले करावे. बाकीच्यांचे मात्र वारसांना विचारून, करार करून. यंत्राला शिकवण्यासाठी मजकूर विनापरवानगी घेता येतो का, हा प्रश्न नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेला आहे. निकाल काहीही लागो, ज्यांच्याकडे शुद्ध आणि हक्काचा मजकूर आहे त्यांनाच बोलणी करता येतील. ज्यांचा मजकूर भंगारात गेला त्यांच्याशी बोलायला कोणी येणार नाही.

ते खोके भंगारात गेले नाही. त्यातल्या काही सीडी उघडल्याच नाहीत, त्या पुस्तकांचे आता काही करता येणार नाही. गावाच्या इतिहासाची फाइल उघडली. लेखकाच्या मुलाकडून लेखी परवानगी आणली. रूपांतर काही मिनिटांत झाले, दुरुस्तीला आम्हा दोघांना तीन आठवडे लागले. तोच सारांश पुन्हा मागितला, तेव्हा गाव बरोबर आले, तळ्याचे नावही आले. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर गेलेल्यांची यादी लेखकाने घरोघर फिरून केली होती, तीही आली.

दुकानाच्या काचेवर आता एक नवा कागद चिकटवला आहे: 'जुन्या फाइल युनिकोडमध्ये करून, तपासून मिळतील.' पानाला किती घ्यावेत, असे दुकानदारांनी मला विचारले. प्रिंटचे पाच रुपये यंत्राचे असतात, मी म्हणालो, हे वाचणाऱ्याचे आहेत, त्या हिशेबाने लावा. त्यांनी पंचवीस लिहिले. पहिले गिऱ्हाईक शेजारच्या गावच्या शाळेचे आले, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका घेऊन.