युद्ध नको म्हणण्याचा हक्क

युद्ध कुठे तरी दूर पेटते आणि त्याची झळ आमच्या सेनगावच्या शेतापर्यंत येते. 2022 मध्ये युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली, तेव्हा जगभर रासायनिक खतांचे भाव चढले. पण मला भावापेक्षा वेगळाच प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. ‘हे युद्ध नको’ असे म्हणण्याचा हक्क साध्या माणसाला असतो का? याच प्रश्नावर 1940 मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या भूमीतून एक मोहीम सुरू झाली. तिचे नाव वैयक्तिक सत्याग्रह.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. इथल्या लोकप्रतिनिधींना कोणी विचारलेही नाही. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढे गांधीजींनी युद्धाविरुद्ध अहिंसक प्रचार करण्याची मोकळीक मागितली. सरकारने ती नाकारली.

मग सर्वांनी मिळून आंदोलन का केले नाही? ब्रिटन संकटात असताना त्याला खिंडीत गाठायचे नाही, अशी गांधीजींची भूमिका होती. म्हणून एकेक माणूस निवडायचा. त्याने कोणत्या दिवशी, कुठे बोलणार हे अधिकाऱ्यांना आधीच कळवायचे. युद्धाला माणसांची किंवा पैशांची मदत करू नका, एवढे लोकांना सांगायचे. अटक झालीच नाही, तर गावोगाव तेच सांगत दिल्लीच्या वाटेने चालत राहायचे.

पहिला मान मिळाला विनोबा भावे यांना. तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. 17 ऑक्टोबर 1940 रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला त्यांनी पहिले भाषण केले. चार दिवसांनी त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिक बंद ठेवले. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू. त्यांना तर चार वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पाहता पाहता वीस हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली.

पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात हे चालू होते. अलीकडे आमचे सेनगाव निजामाच्या राज्यात होते. निजाम ब्रिटनच्या बाजूने होता आणि संस्थानात स्टेट काँग्रेसवर 1938 पासूनच बंदी होती.

या मोहिमेला विरोध करणारेही थोर होते, हे विसरून चालणार नाही. समोर हिटलर होता. नाझी जिंकले तर स्वातंत्र्याची आशाच संपेल, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मानवेंद्रनाथ रॉय यांना वाटत होते. बाबासाहेबांनी सैन्यभरतीचा पुरस्कार केला आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. हिटलरला केवळ अहिंसेने थोपवता आले असते का, या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही.

सत्याग्रहाने युद्ध थांबले नाही. डिसेंबर 1941 मध्ये कैदी सुटले, तेव्हाही लढाई चालूच होती. पण लढाईच्या ऐन धामधुमीतही सरकारला ‘नाही’ म्हणता येते, हे एका माणसाने खेड्यात उभे राहून दाखवले. 1950 मध्ये आपल्या राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य दिले. त्याला वाजवी मर्यादाही घातल्या. कायद्याने दिलेला हक्क टिकतो तो माणसांच्या वागण्यावर. गावात सगळे एका सुरात बोलत असताना कोणी वेगळे बोलला, तर त्याला देशद्रोही न म्हणता त्याचे म्हणणे आधी पुरते ऐकून घ्यावे. पटले नाही तर वाद घालायला आपण मोकळेच आहोत.