अध्यारोपित जातिवृत्तीय वृक्ष

अध्यारोपित जातिवृत्तीय वृक्ष म्हणजे एकाच जीवसमूहाच्या उत्क्रांतीचे अनेक पर्यायी वृक्ष एकाच आलेखात, एकमेकांवर, अर्धपारदर्शक रेषांनी काढून केलेले चित्रण होय. ज्या शाखारचनेवर बहुतेक वृक्षांचे एकमत असते, तेथे रेषा एकावर एक पडून गडद होतात. जेथे मतभेद असतो, तेथे त्या विखुरतात आणि धूसर जाळे दिसते. अशी चित्रे काढण्यासाठी 'आर' ही सांख्यिकीय संगणकभाषा मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

पार्श्वभूमी

जातिवृत्तीय वृक्ष हे प्रत्यक्ष निरीक्षण नसून डीएनए, प्रथिने किंवा शारीरिक लक्षणे यांवरून काढलेले अनुमान असते. केवळ १० जातींसाठी, मूळ निश्चित असलेले व प्रत्येक ठिकाणी दोनच शाखा फुटणारे ३,४४,५९,४२५ वेगवेगळे वृक्ष संभवतात. त्यामुळे उपलब्ध माहितीशी कमीअधिक जुळणारे वृक्ष सहसा एकाहून अधिक असतात. 'मिस्टरबेज' आणि 'बीस्ट' यांसारख्या बेझीय पद्धतीच्या आज्ञावली हजारो वृक्षांचा नमुना देतात. जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी १९८५ मध्ये जातिवृत्तासाठी वापरात आणलेल्या बूटस्ट्रॅप पद्धतीतूनही असाच वृक्षसंच मिळतो.

या संचाचा सारांश बहुधा एका सहमती वृक्षात मांडला जातो. बहुमताच्या नियमाने काढलेल्या सहमती वृक्षात निम्म्याहून अधिक वृक्षांत आढळणारे गटच राहतात. शाखांवर टक्केवारी लिहिली नसेल, तर ५१ टक्के वृक्षांचा आधार असलेला गट आणि ९९ टक्के आधार असलेला गट चित्रात सारखेच निश्चित भासतात. अल्पमतातील रचना तर दिसतच नाही. हा दोष टाळण्यासाठी रेम्को बाउकार्ट यांनी संपूर्ण संच एकत्र दाखवणारी 'डेन्सिट्री' ही आज्ञावली २०१० मध्ये प्रसिद्ध केली.

उदाहरण

माणूस, चिंपांझी आणि गोरिला या तिघांपैकी माणूस व चिंपांझी एकमेकांना सर्वांत जवळचे आहेत. तथापि, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोरिलाच्या जनुकसंचाच्या अभ्यासानुसार, जनुकसंचाच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला हा माणसाला किंवा चिंपांझीला अधिक जवळचा ठरतो. या तिघांचे पूर्वज थोड्या कालावधीच्या अंतराने विभक्त झाले. मूळ समूहातील जनुकांची निरनिराळी रूपे दोन्ही विभाजनांनंतरही टिकून राहिली, हे त्याचे मुख्य कारण होय. जनुकसंचाच्या निरनिराळ्या भागांवरून काढलेले वृक्ष एकमेकांवर ठेवल्यास माणूस-चिंपांझी जोडी गडद दिसते आणि उरलेल्या दोन्ही जोड्या फिक्या रेषांनी उमटतात. सहमती वृक्षात मात्र पहिलीच जोडी उरते.

'आर'मधील कृती

'एप' या संचातील 'रीड.ट्री' किंवा 'रीड.नेक्सस' या आज्ञेने सर्व वृक्ष एकत्र वाचले जातात. बेझीय नमुना असल्यास त्यातील सुरुवातीचे अस्थिर वृक्ष वगळले जातात. त्यानंतर 'फँगॉर्न' या संचातील 'डेन्सिट्री' हे फल वापरून चित्र काढता येते. 'फायटूल्स' आणि 'जीजीट्री' या संचांतही अशाच सोयी आहेत. फँगॉर्नमध्ये पुढील बाबी ठरवता येतात :

• सहमती वृक्ष : याच्या आधारे टोकांवरील जातींचा क्रम ठरतो व रेषांची अनावश्यक छेदने कमी होतात. तो न दिल्यास आज्ञावली स्वतः काढते.
• अल्फा : रेषेची अपारदर्शकता. पूर्वनिर्धारित मूल्य १ भागिले वृक्षांची संख्या असते.
• मोजपट्टी : निरनिराळ्या उंचीचे वृक्ष समान उंचीवर आणता येतात.
• विचलन : प्रत्येक वृक्ष किंचित सरकवून तंतोतंत एकावर एक येणाऱ्या रेषा वेगळ्या दाखवता येतात.

मर्यादा

चित्रातील गडदपणा हा संख्येचा पर्याय नाही. 'आर'मधील रंगांची पारदर्शकता २५६ पातळ्यांत साठवली जाते. म्हणून १,००० वृक्षांसाठी अल्फा ०.००१ ठेवल्यास रेषा दिसेनाशाच होऊ शकतात. अशा वेळी अल्फा वाढवावा लागतो किंवा वृक्षांचा लहान नमुना घ्यावा लागतो.

टोकांच्या क्रमाचाही परिणाम होतो. वरील उदाहरणात माणूस, चिंपांझी, गोरिला असा क्रम ठेवल्यास चिंपांझी-गोरिला जोडीच्या रेषा सरळ येतात, तर माणूस-गोरिला जोडीच्या रेषा मधल्या चिंपांझीच्या रेषेत गुंततात. त्यामुळे दोन्ही जोड्यांचे प्रमाण जवळपास सारखे असूनही त्या सारख्या भासत नाहीत.

मूळ निश्चित नसलेले, किंवा ज्यांची टोके मुळापासून असमान अंतरावर आहेत असे वृक्ष एकमेकांवर ठेवल्यास चित्र सहसा अस्पष्ट होते. तसेच, विखुरलेल्या रेषा अपुऱ्या माहितीमुळे आल्या आहेत की जनुकांचे इतिहासच खरोखर वेगळे आहेत, हे केवळ चित्रावरून ठरवता येत नाही. म्हणून अशा चित्रासोबत प्रत्येक गटाच्या आधाराची टक्केवारी देणे इष्ट ठरते.

हे सुद्धा पहा

• उत्क्रांती
• बेझचे प्रमेय
• जैवमाहितीशास्त्र