कुंभार्ली घाट आणि बिऱ्हाडाची गाडी

ज्या गाडीतून आठवड्याचे सहा दिवस खताची पोती, शाळकरी मुले आणि पाटणच्या बाजाराचा जिन्नस वाहावयाचा, आणि सवड सापडताच तिच्यातच पथारी पसरून, चूल मांडून गुहागरच्या किनाऱ्यावर मुक्काम करावयाचा, अशी गाडी निवडू पाहणाऱ्या गृहस्थाने प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती ही की तिचा खरा धनी रोजचा रस्ता आहे, सहल नव्हे. विक्रेत्याच्या दालनात सर्वांत लांब गाडीच सर्वांत मोहक दिसते; परंतु कोयनानगरच्या रहिवाशाला त्या मोहाची किंमत प्रत्येक वळणावर चुकवावी लागते.

कोयनानगरची भूमी या बाबतीत फारशी क्षमाशील नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवरील या वसाहतीतून पूर्वेकडे पाटण, कराड आणि पश्चिमेकडे कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण असा जो मार्ग जातो, तो गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्गाचाच भाग असल्यामुळे मालमोटारींची वर्दळ त्यावर अहोरात्र असते. त्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास कोसळणारा पाऊस, धुके आणि दरडी. भरलेली गाडी चिपळूणकडे उतरताना केवळ ब्रेकवर विसंबणारा चालक लायनर तापवून बसतो. गाडी गिअरवरच उतरवावी लागते, आणि त्याकरिता इंजिनाचा जोर कागदावर नव्हे, कमी फेऱ्यांवर पाहावा लागतो.

आपल्याकडे मोठ्या व्हॅनचे पर्याय मोजकेच आहेत. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली उभी केलेली बजाज टेम्पो कंपनी, जी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते, तिने मर्सिडीज-बेंझच्या एका जर्मन व्हॅनच्या आधारे १९८७ साली ‘ट्रॅव्हलर’ बाजारात आणली. तेव्हापासून वऱ्हाड, देवदर्शन, रुग्णवाहिका, शाळेची वाहतूक अशा सर्व कामांत ती इतकी रुळली आहे की कराडात तिचे पाटे, क्लच प्लेट वा आरसा मिळण्यास सायास पडत नाहीत, आणि आडगावात बिघडली तरी तिची नस ओळखणारा कारागीर भेटतो. हा गुण माहितीपत्रकात छापलेला नसतो. माझ्या मते मात्र तोच निम्म्याहून अधिक मोलाचा आहे. तिची २.६ लिटरची आजची डिझेल यंत्रणाही मर्सिडीज कुळातलीच, ११५ अश्वशक्तीची, ३५० न्यूटन-मीटर पीळ देणारी. आणि ओढ मागच्या चाकांची.

टाटांची ‘विंगर’ २००७ सालची. रेनॉच्या जुन्या ट्राफिक व्हॅनवर बेतलेली. तिची ओढ पुढच्या चाकांची असल्यामुळे मागे दांडा नाही, तळ खाली बसतो, चढणे-उतरणे वृद्धांनाही सुखाचे होते, आणि कराड-सांगलीच्या सपाटीवर ती मोटारीसारखी चालते. परंतु पलंग, पाण्याची टाकी आणि बॅटरी मागे रचून ओल्या चढावर ती घातली म्हणजे भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि जागच्या जागी फिरू लागतात. हा विंगरचा दोष नव्हे, घाटाशी तिचा जमलेला विजोड संबंध आहे.

तिसरी फोर्सचीच ‘अर्बानिया’, २०२२ मधली. चारही चाकांना डिस्क ब्रेक, मजबूत एकसंध सांगाडा, आणि सुमारे २.१ मीटर रुंदी. पहिल्या दोघी साधारण १.९ मीटरच्या. हा एका विताहूनही कमी फरक क्षुल्लक वाटेल, पण भिंतींना अस्तर लावल्यानंतर मध्यम उंचीचा मनुष्य अर्बानियात आडवा निजू शकतो, ट्रॅव्हलरमध्ये त्याला लांबीत निजावे लागते, म्हणजे सहा फूट जागा पलंगच खातो. धाकटी अर्बानिया सुमारे ५.४ मीटर लांब, थोरली सात मीटरांची. थोरलीची हाव कोयनानगरकराने धरू नये. आपल्या गल्ल्यांत ती वळवताना दोनदा रिव्हर्स मारावा लागणार, आणि तोही दररोज.

आतील रचनेविषयी लोक सुताराशी फार बोलतात, वजनाशी कमी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी पन्नास किलोंच्या पुढे जाते, तर शंभर अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा किलोंच्या आसपास. दिवसाला अर्धे युनिट खाणारा लहान फ्रीज तिच्यावर दोन दिवस चालतो. छतावरच्या सौरपट्टीवर मात्र आषाढात भिस्त ठेवू नये. ज्या खोऱ्याचा जलविद्युत प्रकल्प १,९६० मेगावॉट क्षमतेचा, तेथेच बॅटरी चालत्या इंजिनावर भरून घ्यावी लागते, हा दैवाचा विनोद समजावा.

खरा शत्रू ओल. नुसत्या पत्र्याच्या आत दोन माणसे निजली की त्यांच्या श्वासाचेच पाणी पहाटेपर्यंत छतावरून ठिबकू लागते. काचलोकर हे पाणी धरून ठेवते आणि तिच्यामागचा पत्रा कोणाच्या नकळत गंजतो. म्हणून बंद छिद्रांचे नायट्राइल रबर पत्र्याला सलग चिकटवावे, प्रत्येक नव्या भोकाला जस्तयुक्त प्रायमर लावावा, आणि छताला झडप व पंखा बसविल्यावाचून पलंगाला हात घालू नये. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे शेगडीजवळ, तळाशी, वायू बाहेर पडण्यास वाट ठेवणे हे तर जीविताचे काम आहे. बीएस-६ डिझेल गाडीला आणखी एक पथ्य: केवळ गावातल्या चार-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी तिची काजळी-गाळणी तुंबते, सबब तिला अधूनमधून कराडपर्यंत सलग पळवावी.

आता सरकारदरबारचे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्याची मुभा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच दंडक उचलून धरला. तथापि केंद्राच्या २००४ सालच्या अधिसूचनेत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत नमूद आहे, म्हणजे मार्ग बंद नाही, अर्जाचा आहे. मालवाहू व्हॅन स्वस्त मिळते म्हणून घेऊन मागाहून घर बांधणाऱ्याने कराडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी आणि फेरफाराची नोंद दस्तात करून घ्यावी. नोंदीवाचून अपघात झाल्यास विमा कंपनीच्या हाती आयते निमित्त येते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले असले, तरी कोयना अभयारण्याच्या हद्दीत मन मानेल तेथे रात्र काढता येत नाही. तेथे वन खात्याचा परवाना लागतो.

माझा कौल असा: ऐपत असेल तर धाकटी अर्बानिया, नसेल तर उंच छताची मधल्या लांबीची, पत्रा नीट तपासून घेतलेली जुनी ट्रॅव्हलर; विंगर ज्याचा नित्य प्रवास कराडच्या पूर्वेस आहे त्याने घ्यावी. मात्र बयाणा देण्यापूर्वी तशीच गाडी एक दिवस भाड्याने घेऊन, आत वाळूची पोती भरून, भर पावसात कुंभार्ली उतरून परत चढून यावे.