तार तुटते कुठे?

काही वर्षांपूर्वी एका शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. विजेवरची गिटार वाजवणाऱ्या मुलाची सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार एका आठवड्यात तीनदा तुटली. पहिल्यांदा त्याने दुकानदाराला दोष दिला. दुसऱ्यांदा दुसऱ्या कंपनीची तार आणली. तिसऱ्यांदा मात्र "आता जाड तारच लावतो" असे म्हणत तो माझ्याकडे आला. साठवलेले पैसे संपत आले होते आणि कार्यक्रम चार दिवसांवर होता. मी त्याच्याकडे तुटलेल्या तारा मागितल्या, तर त्या त्याने केव्हाच फेकून दिल्या होत्या! रोग्याला घरी ठेवून औषध मागायला यावे, तसा हा प्रकार झाला.

जाड तार तुटणार नाही, हे ऐकताक्षणी पटते. पण आपण हिशेब करून पाहू. प्रयोगशाळेतील स्वरमापीवर तुम्ही तारेच्या कंपनाचे नियम पडताळून पाहिले असतील. फ्रान्समधील मेर्सेन यांनी १६३६ साली ते ग्रंथरूपाने मांडले. तारेची लांबी कायम असेल, तर कंप्रता ताणाच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात आणि एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. आता तारेचा काटछेद दुप्पट करा. वस्तुमान दुप्पट झाले, म्हणून तोच स्वर मिळवायला ताणही दुप्पट द्यावा लागेल. म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार होता तेवढाच राहिला! जाड तारेला ओरखडा थोडा कमी बाधतो, एवढाच काय तो फायदा.

हा भार असतो तरी किती? स्ट्रॅटोकास्टर ही १९५४ साली बाजारात आलेली गिटार घेऊ. तिच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६४.८ सेंटिमीटर असते. पहिल्या तारेची कंप्रता सेकंदाला सुमारे ३३० आणि जाडी पाव मिलिमीटर धरली, तर ताण सव्वासात किलोग्रॅम वजनाइतका येतो. पोलादाची अशी चांगली तार तेरा-चौदा किलोग्रॅमपर्यंत भार सोसते. म्हणजे आपली तार नुसती सुरात लावली, की तिची निम्मी ताकद खर्च झालीच. या तारेचा स्वर षड्ज मानला, तर ती चढवत मध्यमापर्यंत नेताना ताण तेरा किलोग्रॅमच्या घरात जाईल. पंचमाला सोळा किलोग्रॅम लागतील, आणि तेथवर ती पोचणारच नाही. (हे करून पाहू नका!) वाजवणारे बोटाने तार बाजूला खेचून दोन अर्धस्वर चढवतात, तेव्हा ताण नऊ किलोग्रॅमच्या वर जातो, पण तरीही तो मर्यादेच्या आत असतो.

मग चांगली तार तुटते कशाने? कापडवाला कापड फाडण्यापूर्वी कात्रीने एक लहानशी चीर देतो, ते आठवा. चिरेच्या टोकाशी सगळा जोर एकवटतो आणि ते टोक जितके तीक्ष्ण तितका हा जोर मोठा. इंग्लिस या शास्त्रज्ञाने १९१३ साली हे गणिताने दाखवून दिले. निम्मी ताकद आधीच खर्च झालेल्या तारेला असा एक सूक्ष्म ओरखडा पुरतो. शिवाय तार जिथे धारेवरून वळते, तिथे तिच्या बाहेरच्या बाजूवर वाकण्याचा ताण वाढीव पडतो. प्रत्येक कंपनाबरोबर तिथे ती किंचित वाकते आणि सरळ होते. बांधायची तार पुन्हा पुन्हा वाकवून आपण हाताने तोडतो, तसाच हा धातूचा शीण. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून तो अभ्यासला होता.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की तार तुटते कुठे? तुटलेले तुकडे जपून ठेवा आणि जुळवून पाहा. दर वेळी ती ब्रिजवर (सतारीत आपण ज्याला घोडी म्हणतो तिथे) तुटत असेल, तर तारेखालच्या धातूच्या सॅडलला धार आली आहे. कापसाचा बोळा तिथून हलकेच फिरवा. तंतू अडकले की गुन्हेगार सापडला! खुंटीपाशी तुटत असेल तर खुंटीच्या भोकाची कड तपासा. वरच्या टोकाच्या पट्टीपाशी तुटत असेल, तर तिची खाच अरुंद असावी; त्यात तार अडकते, आणि खुंटी पिळावी तसा ताण एकाच बाजूला साचत जातो. पेन्सिलीचे शिसे खाचेत घासले तर तार सहज सरकते. ग्रॅफाइट हे उत्तम कोरडे वंगण आहे, हे तुम्ही वाचले असेलच.

तुटण्याची जागा दर वेळी वेगळी असेल, तर मात्र गिटार निर्दोष आणि तार म्हातारी. नायलॉनची तार गंजत नाही, पण या गिटारीला ती चालत नाही. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती वेटोळे असते. चुंबकाला दाद देणारी तार हलली तरच वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. म्हणून पोलाद हवे, आणि पोलाद म्हटले की गंज आला. बोटांच्या घामात मीठ असते. मुंबई-कोकणची दमट हवा त्यात भर घालते. गंजाचा प्रत्येक खड्डा म्हणजे एक नवी चीर. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. पण तो करतो कोण!

दुरुस्तीपूर्वी गिटारची वायर ध्वनिवर्धकातून काढा. तार कापण्याआधी ती पूर्ण सैल करा आणि तोंड दूर ठेवा. सात किलोग्रॅमने ताणलेली तार सुटली, तर डोळ्याला इजा करू शकते. सॅडलची धार अगदी बारीक पॉलिश कागदाने, तारेच्या दिशेनेच, हलक्या हाताने घासायची. कानस लावू नका. फार घासले तर तार खाली बसून पडद्यांवर खडखडू लागते.

त्या मुलाच्या गिटारीत कापूस पहिल्याच सॅडलवर अडकला. घासायला दहा मिनिटे पुरली. स्नेहसंमेलन पार पडले. दोन-अडीच महिन्यांनी, भर पावसाळ्यात, तार पुन्हा तुटली. या वेळी त्याने दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून आणले होते. तार मधेच, एका पडद्यावर तुटली होती आणि तुटल्या टोकाशी तपकिरी ठिपके होते. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "सर, पुसायची राहिली."