अभिमान आला, हिशेब राहिला

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ बडोद्यात आले. टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि लक्ष्मीविलास राजवाड्यात दोन पंतप्रधानांची बोलणी झाली. पुढे मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर भारताची बाजू मांडायला सर्वपक्षीय शिष्टमंडळे जगभर गेली. त्यांपैकी जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, इंडोनेशिया आणि मलेशियाला गेलेल्या शिष्टमंडळात बडोद्याचे खासदार हेमांग जोशी होते. मूळचे बडोद्याचे, पण बंगालमधल्या बहरामपूरहून निवडून आलेले युसूफ पठाण यांचेही नाव त्याच यादीत होते. त्यांच्या पक्षाने हरकत घेतल्यावर त्यांच्या जागी अभिषेक बॅनर्जी गेले. बडोदा लोकसभा मतदारसंघात सात विधानसभा क्षेत्रे आहेत आणि अकोटा त्यांपैकी एक. जगाचे राजकारण इतके दारापर्यंत आलेल्या या भागात उमेदवारांची परराष्ट्र धोरणाविषयीची मते मात्र शोधूनही सापडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे २००३ पासून उमेदवाराच्या शपथपत्रातून त्याचे खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण कळते. रशियाचे तेल घ्यावे की नाही, याविषयी त्याला काय वाटते ते कळण्याची सोय कुठेच नाही. गेल्या सात दशकांकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: आपल्या निवडणुकांत परराष्ट्र धोरण अभिमान म्हणून येते, खर्चाची बाब म्हणून येत नाही. विजय मतदाराला दाखवला जातो, त्यासाठी काय सोडावे लागले हे त्याला सांगितले जात नाही. तो विचारतही नाही.

बडोद्याला परराष्ट्र धोरण स्वतःचे असे फार काळ नव्हतेच. १८०५च्या तहाने गायकवाडांनी परराज्यांशी असलेले संबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती सोपवले. पुढची सुमारे १४० वर्षे संस्थानाने शाळा, ग्रंथालये आणि रेल्वे उभारली; बाहेरच्या जगाशी काय बोलायचे हे मात्र ब्रिटिश ठरवत. १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो अधिकार दिल्लीकडे गेला. फरक एवढाच की आता दिल्लीत कोण बसणार हे बडोद्याचा मतदारही ठरवणार होता. १९५७ मध्ये त्याने काँग्रेसच्या तिकिटावर फत्तेसिंहराव गायकवाडांना लोकसभेत पाठवले. ते संरक्षण खात्याचे संसदीय सचिव झाले. म्हणजे व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या खात्यात, आणि तेही चीनच्या सीमेवर तणाव वाढत असलेल्या वर्षांत, बडोद्याचा प्रतिनिधी काम करत होता.

उमेदवाराच्या परराष्ट्रविषयक भूमिकेवरच लढली गेली असे म्हणता येईल, अशी निवडणूक याच काळात झाली. ती बडोद्यात नव्हे, उत्तर मुंबईत. फेब्रुवारी १९६२ मध्ये मेनन यांच्यासमोर आचार्य कृपलानी उभे राहिले. चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढला होता आणि संरक्षणमंत्री सैन्याच्या तयारीकडे दुर्लक्ष करतात, हा कृपलानींच्या प्रचाराचा गाभा होता. दुसऱ्या बाजूला दोनच महिन्यांपूर्वीची, डिसेंबर १९६१ची गोव्याची मुक्ती होती, आणि स्वतः नेहरू मेनन यांच्या प्रचाराला आले होते. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी जिंकले. ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. मुंबईचे मतदार अडाणी होते, असा याचा अर्थ नाही. गोव्याचा विजय त्यांच्या डोळ्यांसमोर होता, तर सीमेवरच्या तयारीचा हिशेब मागण्याइतकी माहिती त्यांच्या हाती नव्हती. १९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारले. ते अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. तोवर प्रचाराचा विषय मराठी की बाहेरचा, असा झाला होता. चीनचा प्रश्न युद्ध होऊन गेल्यावरही मतपेटीत नीट विचारला गेला नाही.

त्याच सुमारास परराष्ट्र धोरणाचे सर्वांत ठोस फळ बडोद्याच्या वेशीवर उभे राहत होते. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सोव्हिएत मदतीने बांधला गेला आणि १९६५ मध्ये सुरू झाला. पाश्चात्त्य तेलकंपन्यांच्या मक्तेदारीतून सुटायला भारताने मॉस्कोचा आधार घेतला होता. या कारखान्याने बडोद्याला नोकऱ्या दिल्या, भोवती खत आणि रसायनांचे उद्योग आणले, शहराची आर्थिक घडणच बदलली. या मैत्रीची किंमतही होती. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. कोयली हवी असेल तर प्रागबद्दल गप्प बसायचे का, हा सरळ प्रश्न होता आणि त्याची दोन प्रामाणिक उत्तरे संभवत होती. पण कारखाना विकासाच्या खात्यात जमा झाला आणि प्राग वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत राहिले. दोन्ही एकाच धोरणाच्या बाजू आहेत, असे मतदारापुढे मांडले गेले नाही.

एकदा मात्र बडोद्याच्या एका राजकारण्याने परराष्ट्र राजकारणात स्वतः जोखीम घेतली. जनसंघाचे मकरंद देसाई गुजरातमधल्या बाबूभाई पटेल यांच्या जनता मोर्चा सरकारात मंत्री होते. आणीबाणीत ते परदेशी गेले आणि तिथल्या भारतीयांना संघटित करून इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्ध प्रचार करू लागले. त्या कामाची कागदपत्रे त्यांच्या संपादनाखाली १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढे ते गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले. अकोट्याचे आमदार चैतन्य देसाई हे त्यांचेच चिरंजीव. परराष्ट्र व्यवहारात देशाने एका आवाजात बोलावे, घरातले भांडण बाहेर नेऊ नये, हा आक्षेप आज वारंवार ऐकू येतो. या आक्षेपात तथ्य आहे: वाटाघाटीच्या टेबलावर समोरच्याला आपली फूट दिसली तर किंमत मोजावी लागते. पण मकरंद देसाईंच्या कामाचा ज्यांना अभिमान आहे, त्यांना हा आक्षेप सरसकट घेता येणार नाही. शिवाय नोव्हेंबर १९६२ मध्ये युद्ध चालू असतानाच संसदेचे अधिवेशन भरले. वाजपेयींनी तशी मागणी केली होती आणि नेहरूंनी ती मानली. त्या चर्चेत सरकारवर कठोर टीका झाली आणि ठराव एकमताने झाला. बाहेर एका आवाजात बोलायचे असेल तर आत आधी अनेक आवाज ऐकून घ्यावे लागतात, हे त्या अधिवेशनाने दाखवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. करार करणे हा केंद्र सरकारचा अधिकार आहे, त्याला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदाराचे मत पक्षादेशाला बांधले. आमदाराचा तर परराष्ट्र व्यवहार हा विषयच नाही. तो संघसूचीत येतो. मग अकोट्याच्या उमेदवाराला अणुकराराबद्दल विचारण्यात काय हशील? पण संसदेच्या हाती काहीच नाही, हे इतिहासाला धरून नाही. जुलै २००८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला आणि मनमोहन सिंग सरकारला विश्वासमत घ्यावे लागले. २७५ विरुद्ध २५६ अशा निकालात एकेक खासदाराचे मत मोलाचे ठरले. भाजप त्या करारावर टीका करत होता, काँग्रेस त्यासाठी सरकार पणाला लावत होती. दहा महिन्यांनी बडोद्यात भाजपचे बाळकृष्ण शुक्ल यांनी काँग्रेसच्या सत्यजितसिंह गायकवाडांना सुमारे १ लाख ३६ हजार मतांनी हरवले. मग २०१५ मध्ये भाजपच्याच सरकारने बराक ओबामा दिल्लीत आले असताना त्याच कराराचे अडलेले गाडे पुढे ढकलले. बांगलादेशाबरोबरच्या सीमाकराराचेही तसेच. २०१३ मध्ये भाजपने त्या विधेयकाला विरोध केला आणि २०१५ मध्ये तीच घटनादुरुस्ती स्वतः आणून एकमताने मंजूर करून घेतली. सत्तेत आल्यावर भूमिका बदलणे गैर नाही. जबाबदारी आली की माहिती बदलते. पण असा बदल झाला की त्याचे कारण मतदाराला द्यावे लागते. उमेदवाराची मूळ भूमिकाच नोंदलेली नसेल तर कारण मागणार कसे?

उमेदवाराला नेमके विचारले तर तो नेमके उत्तर देतो, याचा दाखलाही याच मतदारसंघाशी निगडित आहे. एप्रिल २०१४ मध्ये बडोद्याचे उमेदवार नरेंद्र मोदी होते. भाजपच्या जाहीरनाम्यात अण्वस्त्रविषयक धोरणाचा आढावा घेऊन ते अद्ययावत करू, असे म्हटले होते. त्यामुळे अण्वस्त्रे प्रथम न वापरण्याचे वचन मोडले जाणार का, अशी शंका देशात आणि बाहेर निघाली. मुलाखतीत प्रश्न आला तेव्हा मोदींनी ते वचन वाजपेयींचे आहे आणि त्यात बदल होणार नाही, असे स्पष्ट केले. ३० एप्रिलला बडोद्याने मतदान केले आणि ५ लाख ७० हजारांहून अधिक मताधिक्य दिले. मोदींनी वाराणसी ठेवली. पोटनिवडणुकीचा निकाल १६ सप्टेंबरला लागला. दुसऱ्याच दिवशी शी जिनपिंग अहमदाबादेत उतरले, आणि त्याच वेळी लडाखमधल्या चुमार भागात चिनी सैन्य समोर उभे होते. मोदी आणि शी बसले तो साबरमतीकाठचा झोपाळा सर्वांच्या लक्षात राहिला, चुमार मोजक्यांच्या. त्यानंतर अभिमानाचे पारडे जड होत गेले. ९ एप्रिल २०१९ला लातूर जिल्ह्यातल्या औसा इथे पहिल्यांदा मत देणाऱ्यांना आपले मत बालाकोटच्या वीरांना अर्पण करण्याचे आवाहन मोदींनी केले. २०२४ मध्ये श्रीलंकेबरोबरच्या १९७४च्या कचाथीवू बेटाच्या कराराचा वाद प्रचारात काढला गेला. तेव्हाच्या काँग्रेसवर दोष ठेवायला तो उपयोगी होता. आज काय करणार, हे त्यात नव्हते. काँग्रेसने जाहीरनाम्यात चीनच्या सीमेवर पूर्वस्थिती आणू असे लिहिले, पण ती कोणत्या किमतीला, याचा तपशील तिनेही दिला नाही. दोन्ही बाजूंनी अर्धेच सांगायचे हा जणू अलिखित करार आहे.

लोकांना यात रस नाही, हा तिसरा आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप. मतदार गटार, पाणी, रस्ता बघतो, असे म्हणतात. सी-२९५चा कारखाना पाहा. पायाभरणी ३० ऑक्टोबर २०२२ला झाली आणि चार दिवसांनी गुजरात विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. महाराष्ट्रात त्याच कारखान्यावरून, तो नागपूरला यायला हवा होता म्हणून, रान उठले होते. परदेशी कंपनीबरोबरचा संरक्षणकरार दोन राज्यांत प्रचाराचा विषय होतो, तर रस नाही असे कसे म्हणायचे? ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला आणलेल्या १०४ भारतीयांत ३३ गुजरातचे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावले. त्यातला निम्मा भाग रशियन तेल घेण्याचा दंड होता. कोयली चालवणारी इंडियन ऑइल ते तेल घेणाऱ्यांत होती आणि गुजरातचा कापड व हिरे उद्योग दंडाची झळ सोसणाऱ्यांत. स्वस्त तेलाचा फायदा कोणाला, शुल्काचा तोटा कोणाला, हा साठ वर्षांपूर्वीच्या कोयली-प्रागपेक्षा कितीतरी जवळचा प्रश्न आहे. रस आहेच, पण त्याला प्रश्नाचे रूप देणारी जागा नाही.

ती जागा उमेदवाराच्या सभेतच आहे. खासदाराला करार करता येत नाही. परराष्ट्र व्यवहाराच्या स्थायी समितीत बसता येते, प्रश्नोत्तराच्या तासाला आकडे मागता येतात, शिष्टमंडळातून परतल्यावर काय ऐकले ते मतदारसंघात सांगता येते. आमदार गुंतवणुकीसाठी परदेशी दौरे करणाऱ्या सरकारकडून त्या दौऱ्यांचा हिशेब मागू शकतो. २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही निवडणुकांत अकोट्याने एकाच पक्षाला निवडले: सौरभ पटेल, सीमा मोहिले, चैतन्य देसाई. जिथे निकाल असा स्थिर असतो, तिथे उमेदवाराला अवघड प्रश्न विचारणे मतदाराला सोपे जाते, कारण प्रश्न विचारल्याने त्याची बाजू हरत नाही. जागा हमखास आपली आहे, तर आपल्याच माणसाला विचारायला हरकत काय? प्रत्येक परराष्ट्रविषयक दाव्याला जोडून एकच प्रश्न पुरेसा आहे: यासाठी काय द्यावे लागले आणि ते कोणी दिले? २०१४च्या एप्रिलमध्ये एका नेमक्या प्रश्नाने पंतप्रधानपदाच्या उमेदवाराकडून नेमके वचन घेतले. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या पुढच्या उमेदवारांकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.