गोधडीत ऊब येते कुठून?

थंडी पडली की आमच्या घरी आजीची गोधडी माळ्यावरून खाली उतरते. वर जुनं नऊवारी लुगडं, आत विटकी धोतरं आणि फाटके सदरे. विकत आणलेलं काय, तर सुई-दोरा.

खरं तर गोधडी ऊब देत नाही. ऊब आपलीच असते. झोपलेल्या माणसाचं शरीरही साधारण 75 वॅट उष्णता बाहेर टाकतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. ती निसटू न देणं हे गोधडीचं काम, आणि ते कापडापेक्षा थरांत अडकलेली हवा जास्त करते. हवा उष्णतेची मंद वाहक. पण ती स्थिर हवी. मोकळी सोडली की तापून वर जाते, उष्णताही सोबत नेते. धावदोरा थर सरकू देत नाही, मात्र दोरा फार ओढला तर हवेची जागाच चेपते. आजी "टाका सैल घाल" म्हणायची, तेव्हा मला तो आळस वाटे!

गोधडीची वैरीण म्हणजे ओल. पाणी हवेच्या सुमारे 24 पट सहज उष्णता वाहून नेतं, आणि सुती कापड रात्रभर आपला घाम पितं. (घोंगडीचं निराळं: लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही ओली लागत नाही.) म्हणून गोधडीला ऊन दाखवायचं, झटकायचं. फक्त दिवस कलायच्या आत ती उचला. दव पडू लागलं की सूत पुन्हा ओल धरतं.