हिवाळा गेला की वर्ष गेले

उपसा जलसिंचन योजनेचे भूमिपूजन वर्षातील कोणत्याही महिन्यात करता येते. तिच्या पंपगृहाचा पाया मात्र हिवाळ्यातच घालावा लागतो. कृष्णाकाठच्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांना दशकामागून दशक का लागले, याची चर्चा निधीच्या टंचाईभोवतीच फिरत राहिली. निधीची टंचाई खरीच होती. परंतु निधीइतकीच दुर्मीळ असलेली दुसरी वस्तू म्हणजे कोरडे दिवस, आणि त्यांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही.

ऑक्टोबर सरता सरता नदी पात्रात परतते, पण काठची काळी जमीन दिवाळीपर्यंत ओलीच असते. तिच्यावर मालमोटार घातली तर ती रुतून बसते. नळ ज्या शेतांतून न्यायचे, त्यांत ऊस उभा असतो. तोडणी पुढे सरकेल तसतशी वाट मोकळी होते, नाहीतर पिकाची भरपाई मोजावी लागते. मग पात्रात मातीचा तात्पुरता बांध घालून आतले पाणी उपसायचे, खडकापर्यंत खोदायचे, आणि जॅकवेलचा, म्हणजे ज्या खोल विहिरीतून पंप पाणी ओढतात तिचा, तळ काँक्रीटने भरायचा. थंडीत काँक्रीट हळूहळू आणि चांगले मुरते. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्यावर सतत पाणी मारावे लागते, आणि तेथे हयगय झाली की भेगा ठरलेल्या.

या सर्व खटाटोपाला शेवटची तारीख असते ती जूनची, आणि तिला मुदतवाढ मिळत नाही. विहिरीच्या भिंती तोवर पूरपातळीच्या वर गेल्या नाहीत, तर पहिल्याच पुरात ती गाळाने भरते. ती रिकामी ठेवावी म्हटले, तर भोवती चढलेल्या पाण्याचा दाब तिला होडीसारखा उचलू पाहतो. म्हणजे पुढच्या हिवाळ्यातील पहिले काही आठवडे नवे बांधकाम करण्यात नव्हे, तर जुने उकरून काढण्यात जातात. दोन महिन्यांचा उशीर येथे दोन महिन्यांचा राहत नाही. तो वर्षाचा होतो. कर्जावरील व्याज मात्र पावसाळ्याची सुट्टी घेत नाही, पोलाद-सिमेंटच्या किमतीही घेत नाहीत. विहिरीआधी पंप येऊन पडले असतील, तर त्यांची हमीची मुदत गोदामातच सरते.

दोष आर्थिक वर्षाचा आहे असे काहींचे म्हणणे असते. एप्रिल ते मार्च हे वर्ष आपल्याकडे १८६७ पासून चालत आले, आणि एल. के. झा समितीने १९८५ मध्ये ते जानेवारीपासून सुरू करावे अशी शिफारसही केली होती. तथापि पंपगृहाच्या दृष्टीने पाहिले तर जुने वर्ष मुळीच वाईट नाही. मार्चमध्ये अर्थसंकल्प, पावसाळ्याच्या चार महिन्यांत भूसंपादन, निविदा आणि नकाशांची मंजुरी, ऑक्टोबरात कार्यादेश: यापेक्षा सोयीचा क्रम कोणता? प्रत्यक्षात मात्र पावसाळाभर कागद टेबलावर भिजत पडतो, पुरवणी मागण्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात डिसेंबरमध्ये मंजूर होतात, आणि पैसा मार्चअखेरीस खर्ची पडतो. नागपुरात हिवाळ्याचे पैसे मंजूर होत असताना नदीकाठी हिवाळा अर्धा उलटलेला असतो. त्यात निवडणुकांची भर. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २०१४ आणि २०१९ मध्ये ऑक्टोबरात झाले, २०२४ मध्ये नोव्हेंबरात. आचारसंहिता नेमकी त्याच आठवड्यांत आली, ज्यांत कार्यादेश निघावयास हवे होते.

आता याच पंपगृहांकडून आणखी एक अपेक्षा केली जाते. पावसाळ्यात वाहून जाणारे कृष्णेचे पाणी उचलून जत, आटपाडी, सांगोला या दुष्काळी तालुक्यांत न्यावे, म्हणजे सांगलीचा पूर उतरेल आणि तिकडची तळी भरतील. यातील दुसरा भाग योग्य आहे, पहिला हिशेबात बसत नाही. नदीतून सेकंदाला १ लाख घनफूट पाणी वाहत असेल, तर दिवसात ८.६४ अब्ज घनफूट, म्हणजे साडेआठ टीएमसीहून अधिक, पाणी निघून जाते. सेकंदाला १ हजार घनफूट उचलणारे पंपगृह त्याच दिवसात त्याचा शंभरावा भाग उचलील. पूर त्याने उतरणार नाही. तळी मात्र भरतील, विहिरींना पाझर फुटेल, आणि सांगोल्याच्या शेतकऱ्याला तेवढेच पुष्कळ आहे. केवळ पुराच्या थोड्या दिवसांसाठी जादा पंप बसवून ते उरलेले वर्ष झाकून ठेवणे ही चैन आहे. विजेच्या देयकाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने उचलण्याचे सूत्र ठरल्यापासून ती कोणाच्या खर्चाने चालेल हेही उघड आहे.

पुरात पंप चालवायचे तर मोटारींचा मजला पुराच्या वर हवा, ही साधी गोष्ट. पण वर म्हणजे किती? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले; २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. पहिला आकडा धरून आखलेली विहीर दुसऱ्या आकड्यासाठी उंचवायची तर खर्च वाढतो आणि बहुधा आणखी एक हिवाळाही लागतो. तो आधीच मागून घेणे प्रामाणिकपणाचे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा विस्तारित म्हैसाळ योजनेची चक्रे मुंबईत एकाएकी फिरू लागली. जतच्या पूर्व भागातील गावे पाणी मागत होती ती त्याच्या कितीतरी आधीपासून, आणि तेव्हाही दरसाल नोव्हेंबर येतच होता.